हळदीच्या व्हिडिओतले काळे पट्टे कसे घालवले

खानापूरला एका हळदीचं शूट केलं, कार्यालयात सगळीकडं स्वस्तातले एलईडी, आणि बेळगावात घरी येऊन बघतोय तर नवरीच्या गालावरच्या हळदीवरनं काळे पट्टे सरकतायत! चूक माझीच, ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम) आणि शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, १/१२५ सेकंद. आपल्याकडं करंट ५० हर्ट्झचा, म्हणजे असली लाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, शटर १/५० नाहीतर १/१०० पायजे होतं, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुक पुरी मावते. रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनात डीफ्लिकर (लुकलुक घालवायचा इफेक्ट) नाही, मग तीच क्लिप एकावर एक तीनदा ठेवली, दुसरी एक फ्रेम पुढं, तिसरी दोन, ओपॅसिटी (क्लिप किती गडद दिसते ते) खालनं वर १००, ५०, ३३ टक्के, म्हणजे तिन्ही सारख्या मिसळतात. पट्टे गेले की! फक्त हात जोरात हलला की भुतागत सावली येते, ते शॉट सरळ कापले, तसंपण त्यात कुणाच्यातरी मावशी आडव्या आलेल्या.