डायव्ह करताना बॅराकुडा दिसला तर

अंगठी, साखळी, पैंजण बोटीवरच काढून ठेवा. बॅराकुडा हा लांबट शिकारी मासा मुख्यतः नजरेवर शिकार करतो आणि चमचमणारी वस्तू त्याला लहान माशासारखी भासते. गढूळ पाण्यात तर नुसती चमक दिसते, तिच्यामागचा माणूस दिसत नाही. माणसाला चावण्याचे मोजके प्रकार घडतात ते बरेचसे अशाच पाण्यात. लोंबकळणारा गेज (हवेचा दाब दाखवणारं मीटर) बीसीडीला, म्हणजे हवा भरता-सोडता येणाऱ्या डायव्हिंग जॅकेटला, क्लिपने अडकवा.

मोठा बॅराकुडा बहुधा एकटा असतो. मीटर-सव्वा मीटर लांब, खालचा जबडा पुढे आलेला, तोंडाची संथ उघडझाप. आत सुऱ्यांसारखे दात दिसतात म्हणून भलेभले दचकतात; पण ती धमकी नसते, कल्ल्यांवरून पाणी खेळवणं चाललेलं असतं. शिवाय मास्कमधून प्रत्येक वस्तू साधारण 33 टक्के मोठी दिसते, तेव्हा दिसणाऱ्या लांबीतून साधारण पाव भाग वजा करा. तो मागे मागे येईल. येऊ द्या, ते कुतूहल आहे. बडीजवळ (डायव्हमधल्या जोडीदाराजवळ) सरका, तोंड त्याच्याकडे ठेवा, हात छातीशी घ्या, श्वास लांब सोडा. फोटोसाठी पाठलाग नको. त्याला खाऊ घालणं तर मूर्खपणाच: ज्याला हातातून मासा घ्यायची सवय लागते, तो पुढच्या डायव्हरच्या रिकाम्या हाताकडेही तसाच येतो.

भाल्याने मासेमारी करत असाल तर मारलेला मासा कमरेला बांधू नका. लांब दोरीने पृष्ठभागावरच्या तरंगत्या बोयाला अडकवा. बॅराकुडा त्यावर आलाच तर मासा सोडून द्या, ओढाताण करू नका.

थवा भेटला तर भीती माशांची नाही, खोलीची. शेकडो मासे निळ्या पाण्यात गोल फिरतात, खाली तळ नाही, शेजारी भिंत नाही, आणि बघता बघता माणूस 18 मीटरवरून 30 वर उतरलेला असतो. दर अर्ध्या मिनिटाला मनगटावरचा, खोली दाखवणारा डायव्ह कॉम्प्युटर बघा. थव्याच्या मधोमध घुसलात तर तो फुटतो. कडेने, त्यांच्याच दिशेने संथ पोहलात तर ते जवळ येऊ देतात.

चावलाच तर जखम सुरीने कापल्यासारखी खोल असते. पाण्यातच तिच्यावर थेट दाब द्या. जखमीचे हात त्यातच अडकतात, म्हणून त्याच्या बीसीडीतली हवा बडीने सोडायची. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरच ठेवा. डीकॉम्प्रेशन (शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यावे लागणारे सक्तीचे थांबे) लागू नसेल आणि रक्त जोरात वाहत असेल, तर 5 मीटरवरचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे निव्वळ खबरदारीचा थांबा, सोडून द्या.