जुन्या बुलेटचा पुढचा ब्रेक बसवताना या चुका टाळा

इंदूरमध्ये जुनी बुलेट किंवा येझदी सांभाळणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: नवे शू (चाकातल्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे) घातले, केबल नवी टाकली, तरी पुढचा ब्रेक लागतच नाही. मग त्याहून महागडे शू येतात आणि लिव्हर पुन्हा हँडलला टेकतो. बहुतेक वेळा सामान ठीकच असतं, बसवताना गडबड झालेली असते.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ब्रेक प्लेट (शू ज्यावर बसतात ती तबकडी) सेंटरला न आणता एक्सलचा नट कसून टाकणं. एक्सल आणि प्लेटच्या भोकात थोडी फट असतेच. प्लेट त्या फटीत एका बाजूला सरकली की एक शू ड्रमला आधी भिडतो आणि दुसरा नुसता बघत राहतो. म्हणून चाक चढवलं की नट सैलच ठेवा, केबल जोडा, चाक हाताने फिरवा आणि लिव्हर जोरात ओढून धरा. मदतीला कोणी नसेल तर जुन्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर ग्रिपला बांधून टाका. दोन्ही शू ड्रमला घट्ट धरतात आणि प्लेट आपोआप मधोमध येते. आता नट कसा. पाच मिनिटांचं काम, पण घाईत नेमकं हेच राहतं.

सात इंची ड्रमच्या बुलेटला पुढे दोन कॅम (फिरून शू बाहेर ढकलणारे तुकडे) असतात आणि त्यांना जोडणारा एक रॉड. जुने शू काढताना तो रॉड होता त्याच लांबीला ठेवून परत बसवला जातो. अहो, लायनरची (शूवरच्या घासणाऱ्या थराची) जाडी बदलली, मग जुनी लांबी कशी चालेल? रॉडचं एक टोक सोडवा. पहिला कॅम केबलने ओढून त्याचा शू ड्रमला टेकवा, दुसरा कॅम हाताने फिरवून त्याचाही टेकवा. या स्थितीत पिन अलगद आत गेली पाहिजे. ठोकावी लागत असेल तर रॉडची लांबी चुकलेली आहे.

नवा शू ड्रमला सगळीकडे टेकतोच असंही नाही. लायनरवर शाळेचा खडू घासा, चाक चढवून हलका ब्रेक धरत दोन-चार फेऱ्या मारा आणि परत उघडा. जिथे खडू पुसलाय तेवढाच भाग टेकतोय. अनेकदा मधोमध जेमतेम दोन बोटं रुंद पट्टा दिसतो. ते उंचवटे कानशीने हळूहळू उतरवा आणि पुन्हा खडू लावून बघा. तोंडाला मास्क हवाच. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेक मारताना लिव्हर हाताला धडधडत असेल तर ड्रम लंबगोल झालाय. लेथवर द्यायच्या आधी स्पोक कसून चाक सरळ करून घ्या. स्पोकच्या ताणाने ड्रमचा आकार बदलतो, उलट क्रमाने केलं तर लेथची मजुरी वाया.

कॅमला ग्रीस लावा, पण बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. जास्तीचं ग्रीस तापलं की वितळून लायनरवर येतं. बेअरिंगचं सील फाटलं असेल तरी तेच होतं.

ब्रेक पूर्ण लागलेला असताना कॅमचा आर्म (केबल ज्याला ओढते तो दांडा) आणि केबल यांच्यात साधारण काटकोन हवा. आर्म त्याच्या पुढे जात असेल तर हाताचा जोर फुकट जातो. काही मिस्त्री अशा वेळी आर्म एक दाता मागे बसवून देतात. लायनर झिजलेले असतील तर हा इलाज धोक्याचा आहे, कारण कॅम पार आडवा होऊन ब्रेक जाम होऊ शकतो.

एका गोष्टीत मात्र अजिबात सूट नाही. ब्रेक प्लेट फिरू नये म्हणून काही गाड्यांत फोर्कला खुंटी असते, काहींत वेगळी पट्टी. प्लेट तिच्यात नीट अडकली आहे का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. ती सुटली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल तुटते आणि चाक जागच्या जागी अडकू शकतं.

एवढं सगळं करून खंडवा रोडला निघालात आणि भेरूघाटात जाममध्ये चढावर गाडी मागे सरकायला लागली, तर लगेच ब्रेक उघडायला बसू नका. दोन कॅमच्या ब्रेकचा हा स्वभावच आहे. चाक उलटं फिरताना दोन्ही शूंची पकड कमी होते. चढावर मागचा ब्रेक दाबून ठेवा. जुन्या बुलेटला तो डाव्या पायाशी आणि गिअर उजव्या पायाशी असतो, तेव्हा मित्राला चावी देण्याआधी हे सांगून ठेवा.