रक्तातील सोडियम वाढलेल्या रुग्णाचे निदान आणि उपचार

रक्तातील सोडियम लिटरमागे १४५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेले, तर बहुतेक वेळा अंगातले मीठ वाढलेले नसून पाणी कमी झालेले असते. ज्याला तहान लागते आणि हाताने पाणी घेता येते, तो माणूस सहसा या अवस्थेला पोहोचत नाही. म्हणून रिपोर्ट हाती येताच, या रुग्णाला पाणी मागता येत होते का, हे आधी विचारावे. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि आईचे दूध पुरेसे न मिळालेली तान्ही बाळे यांत प्रामुख्याने आढळतात. एक लिटरचे ओआरएसचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजल्यानेही बाळाचे सोडियम वाढते, त्यामुळे ते कोणत्या भांड्यात कालवले, हे आईला प्रत्यक्ष दाखवायला सांगावे.

सुस्ती, असंबद्ध बोलणे, पुढे झटके ही लक्षणे वृद्धांत वयावर ढकलली जातात. तसे होऊ देऊ नये. नाडी, रक्तदाब, रक्तशर्करा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे ती किती घट्ट आहे ते, पाहावी. ती ६०० च्या वर असेल, तर मूत्रपिंड पाणी राखत आहे आणि पाणी जुलाब, ताप वा घामावाटे गेले आहे. भरपूर लघवी होऊन ती ३०० च्या खाली असेल, तर डायबेटिस इन्सिपिडसचा (मूत्रपिंडाला पाणी राखता न येण्याचा विकार; हा साखरेचा मधुमेह नव्हे) विचार करावा व मानसिक आजारावरची लिथियमची गोळी चालू आहे का, हे विचारावे.

रक्तदाब खालावला असेल, तर आधी नॉर्मल सलाईनने तो सावरावा, आणि मगच पाण्याची तूट भरावी. समजा, ५० किलो वजनाच्या वृद्ध आजींचे सोडियम १६० आहे. त्यांच्या शरीरातील पाणी वजनाच्या ०.४५ पट, म्हणजे २२.५ लिटर धरावे. १६० ला १४० ने भागून त्यातून १ वजा करावा आणि उरलेल्या संख्येने २२.५ ला गुणावे. तूट सुमारे ३.२ लिटर येते. ती शक्यतो तोंडाने वा रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात घातलेल्या नळीने) साध्या पाण्याने, नाहीतर शिरेतून ५ टक्के डेक्सट्रोजने (साखरेच्या द्रावणाने), ४८ तासांत भरावी, आणि रोज लघवी-जुलाबावाटे जाणारे पाणी त्याशिवाय द्यावे.

येथे घाई जिवावर बेतू शकते. दोन दिवसांहून अधिक काळ वाढलेल्या सोडियमशी मेंदूच्या पेशींनी जुळवून घेतलेले असते. ते झपाट्याने उतरवल्यास, विशेषतः बाळांत, मेंदूला सूज येऊन झटके येतात. म्हणून २४ तासांत १० पेक्षा अधिक उतार होऊ देऊ नये, दर ४ ते ६ तासांनी सोडियम तपासावे आणि पाणी देण्याचा वेग कागदावरच्या हिशेबापेक्षा त्या आकड्यावरून ठरवावा.