जनुकीय चाचणीचा अहवाल कसा वाचावा

अहवाल हाती पडताच 'बदल आढळला' या शब्दांवर नजर खिळते. परंतु संदर्भ जनुकसंचाशी (तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या मानवी डीएनएच्या नमुन्याशी) तुलना केली असता कोणाही माणसात साधारण 40 ते 50 लाख ठिकाणी फरक दिसतो, त्यामुळे नुसता बदल आढळणे ही आजाराची खूण नव्हे.

आधी वर्गवारी पाहावी. 2015 पासून रूढ झालेल्या निकषांनुसार बदल रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित महत्त्वाचा, बहुधा निरुपद्रवी किंवा निरुपद्रवी ठरवला जातो. यांतील मधल्या वर्गाबाबत सर्वाधिक सावध राहावे. 'अनिश्चित' याचा अर्थ 'थोडा धोका' असा नसून 'पुरावा अपुरा' असा आहे. म्हणूनच स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए1 जनुकात असा बदल दिसला, तरी केवळ त्याच्या आधारावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे मला अत्यंत गैर वाटते. नवा पुरावा जमा झाला की वर्गही बदलतो, तेव्हा ठरावीक काळाने प्रयोगशाळेकडे पुन्हा विचारणा करावी.

बदलाच्या नावात 'सी.' नंतर डीएनएमधील आणि 'पी.' नंतर प्रथिनातील फरक लिहिलेला असतो. दोन्ही जसेच्या तसे टिपून ठेवावेत, कारण नातेवाइकांची चाचणी करताना नेमका तोच बदल शोधावा लागतो.

अहवालात काहीच आढळले नसेल, तर कोणती जनुके तपासली हे जरूर वाचावे. काही बदल नेहमीच्या चाचणीतून निसटू शकतात. उदाहरणार्थ, हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगात डीएनएमधील 'सीएजी' या तीन अक्षरांची पुनरावृत्ती वाढलेली असते आणि ती मोजण्यासाठी सहसा स्वतंत्र चाचणी करावी लागते.