सुपरनॅचरलचे सीझन रँक कसे करायचे, आणि वादात ती यादी टिकवायची कशी

भुतं-राक्षस मारत फिरणाऱ्या सॅम आणि डीन विंचेस्टर या दोन भावांची ही अमेरिकन सिरीज: पंधरा सीझन, ३२७ एपिसोड, २००५ च्या सप्टेंबरपासून २०२० च्या नोव्हेंबरपर्यंत. एवढ्या लांब सिरीजवर भांडणं होणारच आणि व्हायलाच हवीत, पण बहुतेक वाद "पाचव्यानंतर बघूच नका" या वाक्यापाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. सहाव्यापासून पुढे २२३ एपिसोड आहेत आणि या सिरीजमधलं काही सगळ्यात भारी काम त्यातच आहे, ते न बघता कोणी चांगला-वाईट ठरवत असेल तर त्याच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

तुम्ही सगळं बघितलंय असं धरून चालते. पुढे सगळे शेवट फुटणारेत.

आधी प्रश्न ठरवा

"आवडता" सीझन आणि "चांगला बनवलेला" सीझन या दोन याद्या आहेत. दोन्ही करा, पण एकात एक मिसळू नका. खाली जे सांगतेय ते दुसऱ्या यादीबद्दल. रेटिंगच्या साइटवरचे आकडे बाजूला ठेवा, तिथे बहुतेक वेळा एकेका एपिसोडला मार्क पडतात, सीझनला नाही.

कोण चालवत होतं ते बघा, पण तेवढ्यावर थांबू नका

पहिले पाच एरिक क्रिप्केचे, सहावा-सातवा सेरा गॅम्बलचे, आठ ते अकरा जेरेमी कार्व्हरचे आणि शेवटचे चार अँड्र्यू डॅब आणि रॉबर्ट सिंगरचे. ही विभागणी उपयोगी आहे कारण सीझनचा सूर यांच्यासोबत बदलतो. पण लोक इथेच गाडी लावतात आणि म्हणतात क्रिप्के गेला, संपलं. अरे पण लेखक तेच होते ना! चौथ्यातला 'ऑन द हेड ऑफ अ पिन' बेन एडलंडचा, आणि सहाव्यातले 'द फ्रेंच मिस्टेक' आणि 'द मॅन हू वुड बी किंग' पण त्याचेच. पाचव्यातला सगळ्यांचा लाडका 'चेंजिंग चॅनल्स' लिहिला कार्व्हरने, म्हणजे ज्याच्या नावाने आठव्यापासून पुढे बोटं मोडतात त्याच माणसाने. नाव बघून मार्क द्यायचे असतील तर एपिसोड बघायची गरजच काय.

परिस्थितीचं पण एक आहे. तिसरा सीझन १६ एपिसोडचा आहे कारण लेखकांचा संप झाला होता, पंधराव्याचं शूटिंग कोविडमुळे मार्च २०२० मध्ये थांबलं आणि शेवटचे दोन एपिसोड नंतर शूट झाले. हे माहीत असावं. पण त्यासाठी ग्रेस मार्क देऊ नका, पडद्यावर जे आहे तेच मोजायचं.

मेन स्टोरी आणि सुटे एपिसोड वेगळे करणं: सगळं इथे अडतं

मी स्वतः यातच सगळ्यात जास्त अडकायचे, म्हणून इथे नीट थांबते.

या सिरीजचा प्रत्येक सीझन दोन गोष्टींचा बनलेला असतो. एक मिथआर्क, म्हणजे सीझनभर चालणारी कथा, आणि दुसरे मॉन्स्टर ऑफ द वीकवाले सुटे एपिसोड. आपल्या डोक्यात हे दोन्ही एकत्र साठवलेले असतात आणि आठवताना जे जास्त भारी असेल ते दुसऱ्याला झाकून टाकतं. म्हणूनच एक माणूस म्हणतो सहावा बेकार, दुसरा म्हणतो सहावा अंडररेटेड, आणि दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या गोष्टीबद्दल.

तर करायचं असं. प्रत्येक सीझनसाठी कागदावर दोन रकाने पाडा. पहिल्यात मिथआर्कची कथा एका वाक्यात लिहा, पण त्या वाक्यात "कोणी काय केलं आणि त्याची किंमत कोणी मोजली" हे आलंच पाहिजे. एका वाक्यात बसत नसेल तर तीच पहिली खूण की कथा विस्कटलेली आहे. मग मिथआर्कच्या प्रत्येक एपिसोडला एकच प्रश्न विचारायचा, हा काढून टाकला तर शेवट बदलतो का? बदलत नसेल तर तो भरणा आहे, त्यात कितीही एंजल्स आणि डीमन्स असू देत. दुसऱ्या रकान्यात सुटे एपिसोड, त्यांना प्रश्न वेगळा: सीझनचा गाभा माहीत नसलेल्या माणसाला हा एकटा दाखवला तर चालेल का?

आता चौथा सीझन या दोन रकान्यांतून काढून बघा. वाक्य असं होतं: लिलिथ या डीमनला मारून सगळं थांबवायचं म्हणून सॅम रुबी नावाच्या दुसऱ्या डीमनच्या नादाने डीमनचं रक्त पीत जातो, आणि लिलिथचा मृत्यू हीच लुसिफरच्या, म्हणजे सैतानाच्या, कैदेची शेवटची सील असते म्हणून लुसिफर त्याच्याच हातून सुटतो. शिवाय पहिली सील नरकात डीनच्या हातून तुटलेली असते, म्हणजे एका भावाने सुरुवात केली, दुसऱ्याने शेवट केला, आणि करताना दोघांनाही पत्ता नाही. सुट्या एपिसोडमध्ये ब्लॅक अँड व्हाइट 'मॉन्स्टर मूव्ही' आहे, 'यलो फीवर' आहे. दोन्ही रकाने भरलेले, म्हणून माझ्या यादीत चौथा पहिला, आणि यावर मी मागे हटत नाही.

पाचवा पहिला ठेवणारे भरपूर आहेत आणि त्याचं कारण 'स्वान साँग' आहे. लुसिफर सॅमच्या शरीरात आहे, त्यांच्या इम्पाला गाडीला टेकलेल्या डीनला तो मारतोय, डीनचा चेहरा ओळखू येत नाही इतका सुजलाय, आणि मग उन्हाची एक तिरीप गाडीवर चमकते आणि त्याला आत अ‍ॅशट्रेमध्ये अडकलेला प्लास्टिकचा छोटा सैनिक दिसतो, लहानपणी सॅमनेच कोंबलेला. तेवढ्या एका खेळण्याने सगळं आयुष्य परत येतं आणि सॅम स्वतःचा ताबा घेतो. कितव्यांदाही बघितलं तरी घशात आवंढा येतो. पण हा एक एपिसोड आहे! त्याच सीझनमध्ये मेणाच्या पुतळ्यांचा 'फॉलन आयडॉल्स' आहे आणि बॉडी स्वॅपवाला 'स्वॉप मीट' आहे, त्यांचं नाव कोणी काढत नाही. फिनाले भारी म्हणजे सीझन भारी हे गणित बंद करा. पाचवा माझ्याकडे दुसरा आहे, आणि दुसरा नंबर म्हणजे काही अपमान नाही.

उलटं उदाहरण सहावा. पहिल्या रकान्यात वाक्य लिहायला घ्या, तुम्हाला तीन लागतील. आत्म्याविना सॅम, मग राक्षसांची आई ईव्ह, मग एंजल कॅस्टिएलचं स्वर्गातलं युद्ध आणि नरकाचा राजा क्राउलीशी केलेला करार. अकराव्या एपिसोडला डेथ सॅमचा आत्मा परत आणतो, एकोणिसाव्याला ईव्ह मरते, म्हणजे दर काही आठवड्यांनी एक कथा संपून दुसरी सुरू. तिसरी कथा तर सोनं आहे, विसावा एपिसोड कॅस्टिएलच्या तोंडून ऐकताना कळतं की तो आपल्या माणसांना वाचवायला निघाला होता आणि वाचवता वाचवता त्यांच्यापासूनच लपवत गेला. पण ती फार उशिरा समोर येते. दुसरा रकाना मात्र गच्च भरलेला आहे. म्हणून सहावा मधे बसतो, ना तळाला ना वर.

इथे एक ताकीद. दोन रकान्यांची सरासरी काढू नका. मिथआर्क फसलेला असेल आणि सुटे एपिसोड भारी असतील तर त्या सीझनला तसंच लिहा, "कथा कच्ची, एपिसोड पक्के". सरासरी काढली की सगळे सीझन मधल्या ढिगात जाऊन पडतात आणि मग वाद घालायला काही उरतच नाही.

सातवा यात सगळ्यात जास्त बदनाम आहे. लेव्हायथन्स, म्हणजे त्या सीझनचे राक्षस, कंटाळवाणे आहेत हे मान्य, त्यांचा म्होरक्या डिक रोमनची कॉर्न सिरपवाली योजना ऐकायला मजेशीर आहे पण सीझनभर पेलत नाही. पण 'डेथ्स डोअर' त्याच सीझनचा आहे. डोक्यात गोळी घुसलेला बॉबी, दोघा भावांना बापासारखा, स्वतःच्या आठवणींमधून वाट काढत बाहेर येतो, मागे त्याला न्यायला आलेला रीपर थांबलेला, शुद्धीवर येऊन सॅमच्या तळहातावर पेनाने आकडे लिहितो, दोघांकडे बघतो, एकच शब्द बोलतो आणि जातो. हा एपिसोड बघून जो म्हणतो सातव्यात काहीच नाही त्याच्याशी बोलायलाच नको. मात्र पुढे बॉबीला भूत बनवून परत आणलं आणि त्या मरणाचं वजन कमी केलं, ते पण पहिल्या रकान्यात लिहायचं. आवडत्या एपिसोडची बाजू घेताना ही वजाबाकी लपवायची नाही.

मग सगळ्यात वाईट कोणता? माझं उत्तर दहावा. नवव्याचा शेवट आठवा, मेलेला डीन डोळे उघडतो आणि ते काळे असतात, म्हणजे तो डीमन झालाय. यापेक्षा मोठं आश्वासन या सिरीजने क्वचित दिलं असेल. आणि दहाव्यात तिसऱ्या एपिसोडला डीन बरा! राहिलेले वीस एपिसोड डीनच्या हातावरचा शाप, मार्क ऑफ केन, मार्क ऑफ केन, डीनला राग येतो, सॅम पुस्तकं चाळतो. "काढून टाकला तर शेवट बदलतो का" हा प्रश्न इथे लावा आणि किती एपिसोड गळतात ते स्वतः बघा. 'फॅन फिक्शन', म्हणजे दोनशेवा एपिसोड, सुंदर आहे, केनचं परत येणं पण चांगलं आहे. पण सातव्याने निदान मोठं आश्वासन देऊन ते मोडलं नव्हतं.

राग वेगळ्या कागदावर

भावांची मैत्रीण चार्ली मेली, कॅस्टिएल अर्धा सीझन गायब, कार्व्हर आल्या आल्या सॅमने डीनला शोधलंच नाही. हे सगळे राग खरे आहेत, मलाही आहेत. पण "पात्र मारलं" हा मुद्दा नाही, "पात्र मारून कथेला काय मिळालं" हा मुद्दा आहे. बॉबीचं जाणं सीझनला काहीतरी देतं. चार्लीचं जाणं मला आजही फुकट वाटतं आणि का ते मी सांगू शकते: तिच्या जाण्याने डीन जिथे पोचतो तिथे तो आधीच पोचलेला होता.

पंधराव्याला हे सगळ्यात जास्त लागू पडतं. तो सीझन आधी शेवटच्या एपिसोडशिवाय रँक करा, मग त्याच्यासकट. दोन-तीन जागांचा फरक ठीक आहे, त्याहून जास्त पडत असेल तर तुम्ही सीझनला नाही, डीनचा जीव घेणाऱ्या एका गंजलेल्या सळईला मार्क देताय.

यादी लावणं

सोपं आहे. आधी तीन ढीग करा, मग ढिगातल्या ढिगात दोन-दोन समोरासमोर ठेवा.

माझी यादी: ४, ५, २, ११, १, ३, ८, ६, १५, ९, १३, ७, १४, १२, १०.

वादात

समोरच्याला एकच विचारा: कोणता एपिसोड? "सूर गेला", "आत्मा हरवला" असल्या वाक्यांना उत्तर देऊ नका. आठव्याला नावं ठेवतोय? मग त्याला विचारा पहिल्या अर्ध्याबद्दल बोलतोयस की भावांना राहायला बंकर सापडल्यानंतरच्या अर्ध्याबद्दल, कारण सॅमची गर्लफ्रेंड अमेलियाच्या फ्लॅशबॅकचं समर्थन मी पण करणार नाही आणि 'सॅक्रिफाइस'मधल्या चर्चच्या सीनला हात लावू देणार नाही.

माझ्या यादीत सगळ्यात जास्त मार खातो तो अकरावा, पहिल्याच्या वर ठेवलाय म्हणून. माझं म्हणणं असं की अकराव्यात अमारा आणि चक, म्हणजे खुद्द देव, हे बहीण-भाऊ आहेत, एकाने दुसरीला कोंडून ठेवलंय, आणि ते भांडण विंचेस्टर भावांच्या भांडणासमोर आरसा धरतं, त्यामुळे मिथआर्कचं वाक्य एका दमात लिहिता येतं. दुसऱ्या रकान्यात 'बेबी' आहे, अख्खा एपिसोड इम्पालाच्या आतून शूट केलेला, रात्री गाडीतच झोपायच्या आधी दोघं वडिलांबद्दलच्या स्वप्नांविषयी बोलतात आणि बाहेरचं जग फक्त काचेतून दिसतं. पहिल्या सीझनकडे सुरुवातीचा ताजेपणा आहे, पण 'बग्स' पण आहे, ज्याची चौथ्यात सिरीजने स्वतः चकच्या तोंडून माफी मागितली, आणि भुताळी ट्रकवाला 'रूट ६६६' पण आहे.

एवढं ऐकूनही कोणी पहिला वर ठेवत असेल आणि 'फेथ' एपिसोडचं नाव काढत असेल, तर मात्र मी ऐकून घेते. त्यात डीन बरा होतो आणि मग त्याला कळतं की त्याच्या जागी दुसराच कोणीतरी मेलाय. पुढच्या चौदा सीझनमध्ये हे दोघं भाऊ एकमेकांसाठी जे जे सौदे करतात त्यांची मुळं तिथे आहेत, आणि तेही बाराव्याच एपिसोडला. तो मुद्दा नीट मांडलात तर मी पहिल्याला एक जागा वर सरकवायला तयार आहे.