ऑस्टिओपोरोसिसचे औषध चालू असताना दात काढायचा असेल तर

दात काढल्यानंतर जबड्यात राहिलेली पोकळी भरून येण्यासाठी जुने हाड झिजवणाऱ्या आणि नवे हाड घालणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशींची गरज असते, आणि ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराची, बरीच औषधे यांतील पहिल्या पेशींनाच आवर घालतात. म्हणून दंतवैद्यांकडे जाण्यापूर्वी औषधाचे नाव, ते किती वर्षे चालू आहे आणि शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला, एवढे कागदावर लिहून न्यावे. वर्षातून एकदा सलाईनमधून घेतलेले औषध रुग्णाच्या लक्षातही राहत नाही, म्हणून हा कागद मला फार महत्त्वाचा वाटतो.

अलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक आम्ल यांसारखी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे हाडातील खनिजाला चिकटून वर्षानुवर्षे तिथेच राहतात. त्यामुळे दात काढण्याआधी चार दिवस गोळी बंद केल्याने काहीच साधत नाही. डेनोसुमॅबचे तसे नाही. हे इंजेक्शन दर 6 महिन्यांनी घ्यावे लागते आणि त्याचा परिणाम ओसरला की हाडांची झीज एकदम वाढते. ते लांबवल्यास मणक्यांचे अस्थिभंग होऊ शकतात, म्हणून दात काढण्याची वेळ दोन डोसांच्या मध्ये कुठे बसवायची, हे दंतवैद्य आणि औषध देणारे डॉक्टर यांनी मिळून ठरवावे. टेरिपॅराटाइड मात्र नवे हाड घडवणारे औषध असल्याने त्याच्याबाबत ही चिंता नसते. कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये.

जबड्याचे हाड उघडे पडून 8 आठवड्यांहून अधिक काळ न भरणे, ही खरी भीती असते. कर्करोगात हीच औषधे मोठ्या मात्रेत आणि वारंवार दिली जातात, तेव्हा असे होण्याचे प्रमाण जास्त असते; ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत ते फारच कमी आहे, त्यामुळे पू झालेला दात भीतीपोटी तसाच ठेवणे अधिक घातक ठरते. मधुमेह, धूम्रपान किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या असतील तर तेही सांगावे, आणि रूट कॅनाल करून दात वाचत असेल तर तो पर्याय आधी विचारावा.

दात काढल्यावर सांगितलेले जंतुनाशक द्रावण वापरून तोंड स्वच्छ ठेवावे आणि हिरडी पूर्ण मिटेपर्यंत तपासणी चुकवू नये. दुखणे वाढले, पू आला, ओठ बधिर झाला किंवा जिभेला खरखरीत हाड लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे.