नाशकात भाड्याने घर बघताय? आधी भिंती बघा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडून नोकरीसाठी नाशकात येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. अंबडला कामाला जायचं तर सिडको बरं की पाथर्डी फाटा? भाडं किती, पाणी किती वेळ? घरातली हवा कशी असेल, हे सहसा कोणी विचारत नाही. नाशिकची हवा चांगली, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि ते खोटंही नाही. हवापालटासाठी मुंबईची मंडळी देवळालीला यायची, तिथे सॅनेटोरियम उभी राहिली. पण ती झाली बाहेरची हवा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं जवळजवळ सगळा दिवस घरातलीच हवा घेतात.

आपण खानदेशातले लोक उन्हाला तोंड द्यायला शिकलेलो असतो, ओलीची आपल्याला सवय नसते. इथे आलात की पहिल्या पावसाळ्यात तीच गाठते. पावसाचा मारा बहुतेक पश्चिमेकडून, म्हणून त्या बाजूच्या भिंती आधी ओल धरतात. घर बघायला जाल तेव्हा हॉलमधल्या टाइल्सचं कौतुक नंतर करा. आधी बेडरूममधलं कपाट जरा पुढे ओढायला सांगा आणि मागे बघा. काळपट-हिरवे ठिपके, फुगलेली पुट्टी, पांढरा खार, कुबट वास यातलं काहीही दिसलं तर तिथे झोपायचं नाही. माळ्याचा कोपरा आणि बाथरूमला लागून असलेली भिंतही हाताने चाचपा. मे-जूनमध्ये एकाच भिंतीला ताजा रंग दिलेला दिसला, तर का दिला ते विचाराच.

हे नखरे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलीच्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी आणि संसर्ग जास्त होतात, दमा बळावतो, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पोराची सर्दी हटत नाही म्हणून औषधं बदलत बसण्याआधी त्याच्या उशाची भिंत बघा. बुरशीवर नुसता रंग मारून उपयोग नसतो, पाणी कुठून मुरतंय ते आधी बंद करावं लागतं. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. पावसाळ्यात कपडे घरातच वाळत घालावे लागले, तर पंखा लावून खिडकी थोडी उघडी ठेवा. नाहीतर ते सगळं पाणी भिंतीच पितात.

हिवाळ्याचा धोका वेगळा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. इथली थंडी आपल्याकडच्यापेक्षा बोचरी, निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. मग बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून लोक निवांत आंघोळ करतात. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे डोकं जड झालंय हे कळेपर्यंत पायातली ताकद गेलेली असते. गिझर बाथरूममध्ये असेल तर घरमालकाला तो बाहेर, ड्राय बाल्कनीत घ्यायला लावा. तोपर्यंत बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच कडी लावा. शेगडी पेटवून खोली बंद करून झोपणं तर अजिबात नको.

धुराचं थोडक्यात सांगतो. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट लावा आणि समोरची खिडकी उघडा, नाहीतर पंखा नुसताच फिरतो. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळण्यापेक्षा खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी लावा.

मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावकडे द्राक्षबागेला लागून फ्लॅट मिळाला तर सकाळ छान वाटते. पण ऑक्टोबर छाटणीनंतर औषधांच्या फवारण्या सुरू होतात. ब्लोअरचा आवाज आला की त्या बाजूच्या खिडक्या लावा, वाळत घातलेले कपडे आत घ्या. शेजारच्या शेतकऱ्याशी ओळख ठेवलीत तर तो आदल्या दिवशीच सांगतो.

आणि ११ महिन्यांचा करार करताना गळती निघाली तर वॉटरप्रूफिंगचा खर्च कोणाचा, हे त्यात लिहून घ्या. काम पावसाळ्याआधी उरकायचं. ते राहिलंच, तर दिवाळीच्या घाईत ओल्या भिंतीवर रंग देऊ देऊ नका, आधी ती पूर्ण सुकू द्या.